खोक्यासकट बालपण

जुनी खेळणी जमवणारा माणूस ओळखायची एक हमखास खूण आहे. तो कोणाच्याही घरी गेला की यजमानांकडे बघण्याआधी माळ्याकडे बघतो. शिरूर-दौंड पट्ट्यात माळ्याकडे असं टक लावून बघणारे तिघंच ठाऊक असतात : भंगारवाला, वाटणी मागायला आलेला भाऊ आणि मांजर. त्यामुळे हा चौथा कोण, हे कळेपर्यंत घरातले लोक सावध असतात. कळल्यावर जास्तच सावध होतात.

‘‘जुनी खेळणी असतील तर विकत घेतो,’’ असं त्यानं म्हटलं, की बाजारभावाचं शास्त्र उलटं फिरतं. दहा मिनिटांपूर्वी ‘‘आवो, त्या ट्रंकंत नुसता कचरा हाय, दिवाळीला फेकायचाय,’’ म्हणणाऱ्या आजी ट्रंक खाली उतरवून घेतात आणि तिच्यावरच बसतात.

‘‘ती लाकडाची भावली व्हय? ती माझ्या सासूची निशाणी हाय. तिला म्या कुनाला हात लावू द्यायची न्हाई.’’

सासूबाई हयात असताना दोघींचं किती जमायचं, हे सगळ्या आळीला माहीत असतं. पण गिऱ्हाईक दारात आलं की सासूसुद्धा पूजनीय होते.

‘‘मग किती द्यायचे, आजी?’’

‘‘मी अडानी काय सांगनार? तुमी शिकल्याली मानसं.’’

हे वाक्य कानावर पडलं की मुरलेला संग्राहक खिशात हात घालत नाही, मांडी घालतो. जिची किंमत अडाण्यानं सांगायची नसते, ती वस्तू महाग जाते, हे त्याला कळलेलं असतं.

कायद्याचं म्हणाल, तर ‘जुनं’ कशाला म्हणायचं, याबाबत तो स्पष्ट आहे. पुरावस्तूंविषयीचा 1972 चा कायदा म्हणतो, वस्तू 100 वर्षांची झाली की ती पुरावस्तू. हस्तलिखितांना सवलत आहे, त्यांना 75 वर्षं पुरतात. खेळण्यांना वेगळी सवलत ठेवलेली नाही. कायदा लिहिणाऱ्यांच्या घरात त्या वेळी लहान मूल नसावं. आमच्याकडच्या खेळण्याचं सरासरी आयुष्य यात्रेतल्या पालापासून एस.टी. स्टँडपर्यंत असतं. त्यापुढे जगलं तर ते दीर्घायुषी.

पिपाणीचंच बघा. ती एस.टी.तल्या चाळीस-पन्नास प्रवाशांना सुख देत घरी येते, रात्री वडिलांच्या उशाखाली जाते आणि सकाळी ‘उंदरानं नेली’ असं जाहीर होतं. उंदीर पिपाणी घेऊन काय करतो, हे विचारण्याचं वय पोराचं नसतं. मातीच्या वाटीवर कागद ताणलेली, ओढली की टकटक वाजणारी गाडी कागदापासून फाटत जाते. पत्र्याच्या आगबोटीत मेणबत्ती लावून ती परातीत सोडली, की फटफट करत छान फिरते. पण त्याच परातीत आईला भाकरी थापायची असते. बोटीचा पुढचा प्रवास अंगणातून उकिरड्याकडे होतो.

म्हणजे मोडणं, फुटणं, हरवणं हाच खेळण्याचा धर्म. आणि एकदा हे मान्य केलं, की 100 वर्षं टिकलेलं खेळणं बघून कौतुकाऐवजी त्याच्या पहिल्या मालकाची कीव येते. एखाद्या वाड्यात जर्मनीतल्या न्यूरेंबर्गची किल्लीची मोटार रंगासकट, किल्लीसकट, खोक्यासकट सापडली, तर खुशाल समजावं की ती ज्या पोरासाठी आणली होती, त्याला ‘हात लावशील तर बघ’ एवढंच सांगितलं गेलं होतं. खेळण्यांच्या संग्रहात दिसतो तो न खेळलेल्या मुलांचा इतिहास. खेळलेल्या मुलांचा इतिहास जमिनीत शोधावा लागतो.

सुदैवानं अशी जमीन शिरूर तालुक्यात आहे. घोड नदीच्या काठावर इनामगाव नावाचं गाव आहे. तिथली पांढरी पुण्याच्या डेक्कन कॉलेजनं 1968 ते 1983 या काळात उकरली. सांकलिया, ढवळीकर, अन्सारी अशी पुरातत्त्वातली मोठी नावं त्या खड्ड्यांत उतरली होती. इसवी सनापूर्वी 1600 ते 700 या काळात तिथे शेतकऱ्यांची वस्ती होती. शंभरावर घरांचे अवशेष निघाले. पाटाचं पाणी होतं, बांध होता, धान्याचं कोठार होतं. म्हणजे पाण्याच्या पाळीवरून भांडणंही असणार, पण ती खोदकामात सापडत नाहीत.

सापडली ती एक मातीची पेटी, घराच्या जमिनीखाली पुरलेली. पेटीसोबत शिर नसलेली एक मातीची बाई आणि एक मातीचा बैल. बाईच्या पोटाला भोक, बैलाच्या पाठीला भोक. मधून काडी घातली, की बाई ऐटीत बैलावर बसते. ही व्यवस्था विद्वानांनी नीट तपासली, मोजली आणि ती मातृदेवता असल्याचं सांगितलं.

असेलही. विद्वानांशी वाद घालायची आपली ऐपत नाही. पण काडी काढली की उतरणारी आणि काडी घातली की पुन्हा बसणारी बाई एखाद्या पाच वर्षांच्या पोरीच्या हातात देऊन बघा. ती आधी बाईला खाली उतरवेल, मग बैलाला पाणी दाखवेल, मग बाईला पुन्हा वर चढवेल आणि ‘‘हिचं डोकं कुठंय?’’ असं विचारेल. मातीच्या वस्तूंबाबत पुरातत्त्वाची अडचण अशी, की देव आणि खेळणं यांच्यात फरक करायला वस्तू पुरत नाही, ती हातात घेणारा माणूस लागतो. आणि तो माणूस तीन हजार वर्षांपूर्वीच जेवायला निघून गेलेला असतो.

त्यातून शिरूरकरांना कशाचाही देव करायला वेळ लागत नाही, याला लेखी पुरावा आहे. इथे ब्रिटिशांची छावणी होती. त्या छावणीतला कर्नल विल्यम वॉलेस 1809 साली इथेच वारला. गावानं त्या गोऱ्या, टोपीवाल्या साहेबाला ‘सत्पुरुष’ केलं आणि त्याच्या समाधीला नैवेद्य दाखवायला सुरुवात केली. जिथे कर्नलचा देव होतो, तिथे बैलावर बसलेल्या बाईनं नुसती बाहुली म्हणून राहावं, ही अपेक्षा जास्तच होती.

तसाच घोळ शेजारच्या नगर जिल्ह्यात दायमाबादला झाला. श्रीरामपूर तालुक्यातलं प्रवरेकाठचं हे गाव. 1974 साली छबू लक्ष्मण भिल्ल यांना तिथे जमिनीत चार ब्राँझच्या वस्तू मिळाल्या : बैल जोडलेला रथ आणि तो हाकणारा माणूस, एक हत्ती, एक गेंडा, एक रेडा. रथाला चाकं आहेतच, पण जनावरांनाही चाकांवर उभं केलेलं आहे. चाकांवरचा हत्ती म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर दोरी बांधून ओढत नेणारं पोर येतं. पण या चार वस्तूंचं मिळून वजन 60 किलोच्या वर भरतं. एवढं खेळणं ओढणारं पोर असतं, तर पुरातत्त्व खात्याला त्या पोराचाच सांगाडा आधी सापडला असता. म्हणून ती मिरवणुकीतली दैवतं असावीत, असं मानतात. त्या काळीही मोठ्या माणसांना चाकावरचं काहीतरी ओढत गावातून फिरावंसं वाटत होतं, एवढं नक्की. आता ते ट्रॅक्टरवर ठेवून, डीजे लावून फिरवतात.

बैलाच्या बाबतीत तर शिरूरकरांनी तीन हजार वर्षं विषय बदललेलाच नाही. इनामगावात मातीचा बैल, पोळ्याला मातीचा बैल, आणि घाटात जिवंत बैल. बैलगाडा शर्यत हे या भागातल्या मोठ्या पोरांचं खेळणं. हे खेळणं इतकं महाग, की ते काढून घ्यायलाही सर्वोच्च न्यायालय लागलं. 2014 साली ते जप्त झालं, डिसेंबर 2021 मध्ये अटींवर परत मिळालं आणि मे 2023 मध्ये घटनापीठानं ‘खेळा’ म्हणून सांगितलं. आपल्याकडे पोरांची विटी शेजारच्या काकूंनी जप्त केली, तर एवढ्या तारखा पडत नाहीत.

बैठ्या खेळांचं जमवणं हा या छंदातला सोवळ्यातला भाग. इथे संग्राहकाची खरी परीक्षा होते, कारण बैठे खेळ कधीच पूर्ण मिळत नाहीत. सारीपाट घ्या. कापडाचा चौफुला, चार पट्टे, प्रत्येक पट्ट्यात 24 घरं, चार रंगांच्या मिळून 16 सोंगट्या. पट मिळतो तेव्हा सोंगट्या 15 असतात. सोळावीच्या जागी सागवानाचा तुकडा, चिंचोका किंवा बाटलीचं बूच नेमलेलं असतं. बऱ्याच वेळा पटच उशीत सापडतो, कारण मऊ कापड फुकट घालवणारी बाई आपल्याकडे जन्मायची आहे.

तरी हा खेळ टिकला, कारण त्यामागे मोठी हार आहे. दौंडच्या शेजारच्या पुरंदर तालुक्यात जेजुरी. लोककथा सांगते, की खंडोबा म्हाळसेबरोबर सारीपाट खेळला, हरला आणि पैजेप्रमाणे बारा वर्षांसाठी घर सोडून धनगरवाड्यावर मेंढरं राखायला गेला. तिथे बानू भेटली. डाव हरून एवढा फायदा करून घेणारा खेळाडू त्यानंतर झाला नाही. आणि जिंकून इतका तोटा सोसणारी म्हाळसेसारखी बाईही नाही. सोंगट्या खेळताना बायका अजून जरा हातचं राखून का जिंकतात, याचं मूळ बहुधा इथेच असेल.

मोक्षपटाचं उलट आहे. त्यात जिंकणं-हरणं आपल्या हातात नसतंच. ही सापशिडीची आजी. परंपरा हिचं पितृत्व ज्ञानेश्वरांना देते. सापांना काम, क्रोध, लोभ अशी नावं, शिड्यांना सद्गुणांची. जुन्या पटांवर सापांचा भरणा जास्त आणि शिड्या मोजक्या, असं प्रपंचाचं खरं चित्र दिसतं. हा खेळ इंग्लंडात गेला, 1892 च्या सुमाराला तिथल्या दुकानांत आला आणि साहेबानं हळूहळू शिड्या वाढवल्या, पापांची नावं काढून टाकली. नफ्या-तोट्याची तोंडमिळवणी झाली, पण मोक्ष मात्र गेला. राहिलं ते 100 क्रमांकाचं घर आणि 99 वरचा तो मोठा साप, ज्याच्या तोंडात नातवंडं आजोबांची सोंगटी मोठ्या आवडीनं घालतात.

गंजिफा हा संग्राहकांचा खरा जीव की प्राण. सावंतवाडीची दशावतारी गंजिफा म्हणजे गोल, हातानं रंगवलेली पानं. दहा अवतारांचे दहा रंग, प्रत्येकात राजा, वजीर आणि एक ते दहाची पानं; एकूण 120. तिघांनी खेळायचं, प्रत्येकाच्या हातात चाळीस पानं. शिवाय काही रंगांत दश्शी भारी तर काहींत एक्का. दिवसा रामाचा मान, रात्री कृष्णाचा. म्हणजे सूर्य बुडाला की हातातल्या पानांची किंमत बदलते. खेळायला एवढं अवघड, म्हणूनच पानं शाबूत राहिली, असा माझा अंदाज आहे. ही कला मोडकळीला आली होती. सावंतवाडीचे शिवरामराजे भोसले आणि राणी सत्वशीलादेवी यांनी ती पुन्हा उभी केली, राजवाड्यात चितारी बसवले. आता लोक ती पानं हौसेनं विकत घेतात आणि चौकटीत घालून दिवाणखान्यात लावतात. चौकटीखाली बसून खेळतात ती मात्र रमी.

पुण्यात शनिपाराच्या आसपास येऊन ‘केळकर म्युझियम कुठंय’ विचारलं, की कोणीही दाखवतं. दिनकर गंगाधर केळकर हे चष्म्याच्या दुकानातले गृहस्थ, ‘अज्ञातवासी’ नावानं कविता लिहायचे. 1896 ते 1990 असं दीर्घ आयुष्य मिळालं, आणि त्यातलं बरंचसं त्यांनी दुसऱ्यांच्या माळ्यांकडे बघण्यात घालवलं. पत्नी कमलाबाईंची साथ होती. लहानपणीच गेलेल्या राजा या मुलाचं नाव संग्रहालयाला दिलं. वीस हजारांवर वस्तू जमल्या : अडकित्ते, दिवे, दौती, वाद्यं, आणि गंजिफा, सोंगट्या, बाहुल्याही. घरात आलेली प्रत्येक वस्तू ‘आता ही ठेवायची कुठं?’ या प्रश्नाला तोंड देऊनच आत आली असणार. महाराष्ट्रातल्या प्रत्येक संग्रहालयाच्या पायाशी एक समजूतदार बायको असते. जिथे ती नव्हती, तिथला संग्रह बुधवार-रविवारच्या जुन्या बाजारात फुटपाथवर बघायला मिळतो.

आता दौंड. दौंडच्या पोरांना खेळण्यातली आगगाडी कधी लागली नाही, कारण खरीच गावातून जात होती. 1878 साली इथून मनमाडला फाटा निघाला आणि गाव जंक्शन झालं. पुण्याहून नगर-मनमाडकडे जाणाऱ्या गाडीला दौंडला दिशा बदलावी लागे. म्हणून गाडी थांबायची, इंजिन सुटायचं, शेजारच्या रुळावरून धापा टाकत दुसऱ्या टोकाला जायचं आणि तिथे जोडलं जायचं. नवी कॉर्ड लाइन होईपर्यंत हा प्रयोग वर्षानुवर्षं चालला. प्रवासी कंटाळायचे, वडे खायचे. पोरं कुंपणावर बसून बघायची. त्याशिवाय दौंड-बारामती अरुंद रुळांची गाडी होती. ती मोठ्या गाडीशेजारी उभी राहिली, की रेल्वेनंच आपल्या पोराला हौसेनं आणून दिल्याचा भास व्हायचा.

हाच प्रयोग पुण्यात कोथरूडला तिकीट लावून दाखवतात. भाऊसाहेब जोशी यांनी उभारलेलं छोट्या रेल्वेचं संग्रहालय 1998 साली लोकांसाठी खुलं झालं. तिथे टेबलाएवढ्या गावातून चिमुकल्या गाड्या धावतात, सिग्नल पडतात, फाटक लागतं, रात्र होते, दिवे लागतात. रेल्वेत चाकरी केलेल्या एका दौंडकर काकांना नातवानं तिथे नेलं. काका शेवटपर्यंत गप्प होते. बाहेर आल्यावर नातवानं विचारलं, ‘‘कसं वाटलं?’’

‘‘गाड्या चांगल्या हायेत,’’ काका म्हणाले, ‘‘पन एकबी लेट न्हाई. हे काय खरं न्हाई.’’

काका स्वतःही संग्राहक. त्यांच्याकडे काचेचं कपाट आहे. त्यात जपानी पत्र्याची मोटार आहे, अमेरिकेच्या ताब्यातल्या जपानचा शिक्का असलेली. म्हणजे 1952 च्या आधीची. किल्लीचं माकड आहे. व्यापार डावाच्या नोटा आहेत, काकांच्या म्हणण्याप्रमाणे नोटाबंदीत तेवढ्याच चालू राहिल्या. आणि बिनाका टूथपेस्टच्या खोक्यातून निघायचे ते प्लॅस्टिकचे इवलेसे प्राणी आहेत. ज्यांचं लहानपण सत्तरच्या दशकात गेलं, त्यांना ते आठवतील. त्या प्राण्यांसाठी त्या काळी मुलांनी एवढी टूथपेस्ट संपवली, की एका पिढीचे दात जिराफ-हत्तींच्या कृपेनं शाबूत राहिले. आज ते प्राणी पैसे देऊन घेतले जातात. टूथपेस्ट मात्र कोणी जमवत नाही.

या छंदात खोक्याचं महत्त्व फार. तीच मोटार खोक्यासकट असेल तर भाव वेगळा, खोक्याविना वेगळा. खोकं फाडलेलं असेल तर घटस्फोटिताच्या स्थळाबद्दल बोलावं तशा खालच्या आवाजात चौकशी होते. म्हणजे किंमत कशाची, तर कोणीही न उघडल्याची. रांजणगावच्या औद्योगिक वसाहतीतून टीव्ही, फ्रीज, वॉशिंग मशीन बाहेर पडतात. घरी मशीन आलं की मोठी माणसं मशीनभोवती गोळा होतात आणि पोरं खोक्यात शिरतात. त्या खोक्याची संध्याकाळपर्यंत बस होते, किल्ला होतो, दुकान होतं. दुसऱ्या दिवशी ओल्या चिखलात त्याचा लगदा होतो. आजवर बनलेलं सर्वांत चांगलं खेळणं ते हेच, असं माझं ठाम मत आहे, आणि त्याचा एकही नमुना कोणत्याही संग्रहालयात नाही. ते शक्यही नाही. ते जपायचं म्हणजे पोराला आत शिरू द्यायचं नाही.

काकांच्या कपाटाला कुलूप आहे. नातवाला लांबून बघायची परवानगी आहे. ‘‘तुझ्या वयाला मला मिळाली न्हाई, म्हनून जपतोय,’’ असं काका त्याला सांगतात. या तर्कशास्त्रात नातवाचा वाटा कुठे बसतो, ते त्याला अजून कळलेलं नाही. पण काकूंनी मला सांगितलं, की रात्री दोनच्या सुमाराला हॉलमधून किर्रर्र आवाज येतो. पहिल्यांदा त्या घाबरल्या, उंदीर असेल म्हणाल्या. बघतात तर काका लुंगीवर जमिनीवर पालथे, जपानी मोटार किल्ली देऊन सोफ्याखाली सोडलेली, आणि तोंडानं हॉर्न.

तेव्हा जपायचंच असेल, तर माझा सल्ला साधा आहे. यात्रेतून आणताना खेळणी दोन आणावीत. एक पोराला द्यावं आणि मोडल्यावर रागावू नये. दुसरं खोक्यासकट कुलपात ठेवावं, 100 वर्षांनी सरकारला उपयोगी पडेल. फक्त कुलपाची किल्ली घरातल्या मोठ्या माणसांच्या हाती देऊ नये. ती पोराकडे ठेवावी. त्याच्याजवळ दुसरं खेळणं आहे, त्याला कपाट उघडायला सवड नाही.